गिटार न वाजवणारा गिटारवाला

आमच्या हॉस्टेलमध्ये गिटार नाही असा एकही मजला नसेल. त्यातल्या बहुतेक भिंतीला टेकून उभ्या असतात आणि वर्षातून एकदा गॅदरिंगला खाली उतरतात. माझ्याकडे आहे ती इलेक्ट्रिक गिटार माझ्या आधी दोन घरी नांदून आलेली आहे. आकार जगप्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टरचा, पण डोक्यावरचं नाव कधीच खरवडून गेलेलं. गेल्या वर्षी मला ब्लूजचं वेड लागलं आणि या गिटारची खरी परीक्षा सुरू झाली.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. कॉर्ड्स तीनच, रचना बहुधा बारा बारची, पण खरी गंमत स्वरांत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी जो स्वर आहे, तो तिथे लागतो. हार्मोनियमवर तो सापडणार नाही. गिटारवर तो काढायचा तर सतारीच्या मींडेसारखी तार बाजूला ओढावी लागते. असा ओढलेला स्वर माझ्या गिटारमधून बाहेर यायचा तो पत्र्यावर खडा मारल्यासारखा. त्यात खोलीतला ट्यूबलाइट लावला की अँप्लिफायरमधून घूं असा आवाज सुरू. रूममेटने तर त्याला भुंगा असं नावच ठेवलं होतं.

सगळ्यांचा सल्ला एकच : पिकअप बदल. पिकअप म्हणजे तारांखालचा तो चपटा भाग, जो तारेचं कंपन विजेत बदलतो. कुणी म्हणालं, भरपूर वेढ्यांचे, जोरदार आउटपुटचे घे. कुणी म्हणालं, सिरॅमिक मॅग्नेट असेल तर हातही लावू नकोस. एकाने तर आकडाच दिला, चौदा किलोओहमच्या खाली काही घेऊच नकोस. मेसचे, सहलीचे वाचवलेले पैसे जमा होते. ऑर्डर द्यायची तेवढी बाकी होती.

त्याआधी आत काय आहे ते तरी पाहावं म्हणून एका रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. अकरा स्क्रू काढले आणि पुढची सगळी प्लास्टिकची पाटी एका तुकड्यात हातात आली. तीनही पिकअप, तीनही नॉब, स्विच, सगळी वायरिंग त्या एकाच पाटीवर! मान पाहिली तर तीही गोंदाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर बसवलेली. मला एकदम वाटलं, ही वस्तू एखाद्या वादकाने किंवा सुताराने आखलेली नाही. दुरुस्ती करून करून कंटाळलेल्या माणसाने आखलेली आहे. आणि खरोखरच तसं होतं! त्या माणसाचं नाव लिओ फेंडर. त्याचं आयुष्य वाचता वाचता माझा पिकअपचा प्रश्नही सुटला, म्हणून हा लेख.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरातला. घरची संत्र्यांची बाग. लहानपणीच त्याचा डावा डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा आला. साधारण तेराव्या वर्षी त्याच्या मामाने त्याला एक खोकं पाठवलं. मामाचं मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान होतं, त्यामुळे खोक्यात होते टाकून दिलेले सुटे भाग आणि एक बॅटरी. पुढे तो मामाच्या दुकानात गेला तेव्हा मामाने स्वतः जोडलेला रेडिओ तिथे मोठ्या आवाजात चालू होता. त्या आवाजाने मुलावर जी मोहिनी घातली ती जन्मभर उतरली नाही.

आता आपल्याला वाटेल, हा पुढे इंजिनिअर झाला असणार. छे! कॉलेजात तो शिकला अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही रीतसर कोर्स त्याने केला नाही. रेडिओ उघडायचे, जोडायचे, बिघडलं की पुन्हा उघडायचे, हेच त्याचं शिक्षण. नोकऱ्या मात्र हिशेबनिसाच्या. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. तो काळ महामंदीचा. आधी सरकारी रस्ते खात्यातली नोकरी गेली, मग एका टायर कंपनीतली. दोन्हीकडून हात हलवत परत.

१९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्जाने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. नाव साधंच, फेंडर रेडिओ सर्व्हिस. एस्थर टेलिफोन कंपनीत काम करायची, त्या पगारावर घर चालायचं. दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे, आणि गावातले वादक आपले अँप्लिफायर घेऊन यायचे. माझ्या मते लिओचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे हे दुकान. कोणता भाग वारंवार जळतो, कुठला जोड कायम सुटतो, कोणती वस्तू उघडायलाच अर्धा दिवस जातो, हे त्याने काउंटरमागे उभं राहून पाहिलं. आपण हे सगळं रिलायबिलिटीच्या तासाला फळ्यावर पाहतो.

काचेच्या डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं नाही. त्याच काळात डॉक कॉफमन हा वादक आणि खटपट्या माणूस त्याला भेटला. दोघांनी मिळून १९४४ मध्ये एका पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४८ मध्ये मिळालं. दोघांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि छोटे अँप्लिफायर विकायला सुरुवात केली. लिओ रात्र रात्र काम करायचा. कॉफमनला कर्जाची आणि या वेडाची धास्ती वाटू लागली आणि १९४६ मध्ये तो बाहेर पडला. लिओने स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली.

इथे थोडं थांबून पिकअप कसा चालतो ते सांगते. तत्त्व फॅरडेचं, म्हणजे बारावीचं. आत लोहचुंबक असतो. त्याच्यामुळे वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकीय होते. तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. बस्स! स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सहा तारांखाली सहा अल्निको चुंबकाच्या कांड्या असतात. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. त्याभोवती ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, साधारण आठ हजार वेढे. मोजलं तर रेझिस्टन्स सहा किलोओहमच्या आसपास.

लिओच्या आधी गिटारला पिकअप लावत नव्हते असं नाही. पण बहुतेक ते पोकळ गिटारवर बसवलेले. अँप्लिफायरचा आवाज वाढवला की तो पोकळ पेटीत शिरून तारांना पुन्हा हलवतो आणि शिट्टी सुरू होते. आपण माइक स्पीकरसमोर धरला की होतं तेच. लिओने पेटीच काढून टाकली. भरीव लाकडाची फळी, तिला स्क्रूने मान, आणि पुलाजवळ तिरका बसवलेला एक पिकअप. १९५० मध्ये ही गिटार बाजारात आली. तिला आधी एस्क्वायर म्हणत. दोन पिकअपवाल्या गिटारचं नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. पण तशाच उच्चाराचं नाव एका ड्रम बनवणाऱ्या कंपनीकडे आधीपासून होतं, म्हणून १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी त्याने प्रिसिजन बास काढला आणि उभ्या महाकाय बासचं ओझं वाहणाऱ्या वादकांची पाठ वाचवली.

आता सर्वात आश्चर्याची गोष्ट. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. शाळेत असताना तो सॅक्सोफोन वाजवायचा, तेवढाच काय तो संगीताशी हाताने संबंध. मग एवढ्या चांगल्या गिटार केल्या कशा? तर दुसऱ्यांचं ऐकून. नवा नमुना तयार झाला की तो वादकाच्या हातात द्यायचा, कार्यक्रमाला स्वतः जाऊन बसायचा, तक्रारी ऐकायचा आणि सकाळी पुन्हा बाकावर. जॉर्ज फुलर्टन त्याच्याकडे १९४८ पासून होता. पुढे फ्रेडी टव्हारेस हा हवाईचा स्टील गिटारवादक आला. या लोकांना वाजवता यायचं, लिओला उघडता यायचं.

सगळंच त्याने पटकन ऐकलं असं मात्र नाही. सुरुवातीच्या गिटारच्या मानेत त्याने लोखंडी सळई घातलीच नव्हती, मेपलचं लाकूड पुरेसं टणक आहे असं त्याचं मत. माना वाकू लागल्या. विक्री पाहणाऱ्या डॉन रँडलने सळईचा हट्ट धरला, तेव्हा कुठे ती बसली. मला हा प्रसंग आवडतो. वादकांचं ऐकणाऱ्या माणसालाही स्वतःच्या मटेरिअलबद्दल भ्रम असू शकतो!

टेलिकास्टरच्या कडा बरगडीत रुततात अशी तक्रार बिल कार्सनसारख्या वादकांनी केली. प्रत्येक तारेचा सूर वेगळा जुळवता यावा अशीही मागणी होती. या सगळ्यांतून १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. अंगाला बसेल अशी कोरलेली, सहा तारांना सहा वेगळ्या खोगिरी, स्वर हलवणारा दांडा आणि तीन पिकअप. त्यातल्या चुंबकाच्या कांड्या एका उंचीच्या नाहीत, कारण प्रत्येक तारेचा जोर वेगळा. पिकअप गुंडाळायला यंत्र असे, पण तार हाताने सांभाळत न्यावी लागे. १९५६ मध्ये कामाला लागलेली अबिगेल इबारा या कामात पुढे एवढी प्रसिद्ध झाली की तिने गुंडाळलेले पिकअप लोक नावाने मागू लागले. हात माणसाचा, त्यामुळे दोन पिकअप तंतोतंत सारखे नसत. आज ज्या जुन्या पिकअपसाठी लोक वेडे होतात, त्यांना ठरावीक एक आकडा नव्हताच.

आता ब्लूजकडे येते. लिओच्या डोळ्यांसमोर हे संगीत नव्हतं. त्याला आवडायचं कंट्री आणि वेस्टर्न स्विंग, स्वच्छ घंटेसारखा आवाज. अँप्लिफायरमध्ये आवाज फाटणं हा त्याच्या दृष्टीने दोष होता आणि तो घालवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं डोकं लढवलं. पण तिकडे मिसिसिपीतून हजारो लोक कामासाठी शिकागोला आले होते. गावाकडे ओसरीवर वाजवायची गिटार शिकागोच्या गर्दीच्या बारमध्ये कुणाला ऐकू जाणार? वीज हवीच होती. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आला, पुढे लाल टेलिकास्टर त्याची ओळख झाली. लुइझियानाचा बडी गाय १९५७ मध्ये आला, त्याच्या हातात स्ट्रॅटोकास्टर दिसू लागली. टेक्सासच्या अल्बर्ट कॉलिन्सने टेलिकास्टरमधून बर्फासारखा बोचरा आवाज काढला. या लोकांनी अँप्लिफायरचा आवाज इतका वाढवला की तो कडेकडेने फाटू लागला, आणि तो फाटलेला आवाज माणसाच्या दाटलेल्या गळ्यासारखा निघाला. लिओने बाससाठी केलेला बासमॅन अँप्लिफायर तर गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांनी पळवला. लंडनमध्ये जिम मार्शलने १९६२ च्या सुमारास आपला पहिला अँप्लिफायर केला तोही बासमॅनवरूनच.

स्विचचीही तीच गोष्ट. स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन जागांचा होता, एका वेळी एक पिकअप. वादकांनी तो दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकदम चालू केले, त्यातून निघाला तो नाकात बोलल्यासारखा गोड आवाज. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये!

भुंग्याबद्दलही सांगायला हवं. एका कॉइलचा पिकअप म्हणजे एक अँटेनाच. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं, चोकचं क्षेत्र तो मुकाट्याने उचलतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. त्याची युक्ती अशी की दोन कॉइल उलट्या जोडायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलट येऊन एकमेकींना खाते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हंबकर. लिओला हे कळत नव्हतं असं नाही. १९५७ मध्ये त्याने प्रिसिजन बासचा पिकअप दोन तुकड्यांत केला तो याच तत्त्वावर. पण स्ट्रॅटोकास्टरला त्याने एकेरी कॉइलच ठेवली, तिचा आवाज जास्त लखलखीत असतो. गंमत म्हणजे सेथ लव्हर १९६७ मध्ये फेंडर कंपनीत आला. तेव्हा तिथे लिओ नव्हता.

का नव्हता? ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड जागा. पन्नासच्या दशकात त्याला सायनसचं इन्फेक्शन जडलं. ते काही केल्या जाईना. प्रकृती इतकी खालावली की आपण फार दिवसांचे सोबती नाही अशी त्याची समजूत झाली. हाताखाली शेकडो माणसं, त्यांचं काय होणार ही काळजी. शेवटी जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. आणि काही वर्षांनी एका डॉक्टरने अँटिबायोटिकचा भारी डोस देऊन त्याला ठणठणीत बरं केलं!

विचार करा. माणूस बरा झाला, पण त्याचं नाव दुसऱ्याचं झालं होतं. गिटारवर फेंडर लिहायचा हक्क आता फेंडरलाच नव्हता. वर त्या नावाखाली सत्तरच्या दशकात निघालेल्या गिटारबद्दल वादक कुरकुर करू लागले. पैसा भरपूर होता, आरामात बसता आलं असतं. लिओ बसला नाही. कराराची मुदत संपल्यावर तो म्युझिक मॅन कंपनीत उतरला, १९७६ मध्ये तिथून त्याचा स्टिंगरे बास आला. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. त्याच सुमारास, सत्तर वर्षांचा असताना, जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल ही आणखी एक कंपनी काढली. अक्षरं जॉर्ज आणि लिओ यांची. पूर्ण नाव लावता येत नव्हतं, एका अक्षरावर भागवलं.

तिथे त्याने जो पिकअप केला तो माझ्यासाठी महत्त्वाचा ठरला. त्यात त्याने अल्निकोच्या कांड्या सोडल्या आणि सिरॅमिक चुंबकाची पट्टी वापरली, वर उंची बदलता येणारे लोखंडी खिळे बसवले. वेढे कमी, तरीही आउटपुट जोरदार. म्हणजे सिरॅमिकला हात लावू नकोस आणि जास्त ओहम म्हणजे जास्त दम, हे दोन्ही सल्ले खुद्द लिओनेच खोटे पाडले होते. शेवटच्या वर्षांत त्याला पार्किन्सन्सने गाठलं, तरी तो वर्कशॉपला यायचा. मृत्यूच्या आदल्या दिवशीही तो कामावर होता. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टनमध्येच तो गेला, वय ८१.

एवढं वाचून झाल्यावर मी ऑर्डर थांबवली आणि मल्टिमीटर घेतला. मुळात ओहम हा आवाजाचा आकडाच नाही. तो फक्त तारेची लांबी आणि जाडी सांगतो. आवाज ठरतो बराचसा इंडक्टन्सवर. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटी मिळून एक रेझोनन्स सर्किट तयार होतं. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचं इंडक्टन्स २.४ हेन्री आणि केबलची, कॉइलची मिळून कपॅसिटी ६०० पिकोफॅरड धरली, तर रेझोनन्स येतो ४२०० हर्ट्झच्या आसपास. हंबकरचं ४.५ हेन्री धरलं तर तो ३१०० पर्यंत खाली येतो. म्हणून एकाचा आवाज लखलखीत, दुसऱ्याचा भरदार. चौदा किलोओहमचा पिकअप घेतला असता तर हा रेझोनन्स आणखी खाली गेला असता. अँप्लिफायर लवकर फाटला असता, पण हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला स्वर यांतला फरक बुजला असता. ब्लूजमध्ये तर तोच फरक हवा असतो.

मग मी लिओसारखं एकेक करून तपासलं. आधी पिकअपची उंची. दोन बाजूंचे दोन स्क्रू सैल करून जाड तारांची बाजू खाली उतरवली, बारीक तारांची थोडी वर ठेवली. फुकटचा उपाय, पण पत्र्याचा अर्धा आवाज तिथेच गेला. मग व्हॉल्यूमचा पोटेन्शिओमीटर मोजला. तो कुणीतरी ५०० किलोओहमचा घातला होता, हंबकरला लावतात तो. एकेरी कॉइलला २५० चा लावायची पद्धत आहे, त्याने रेझोनन्सचं टोक बोथट होतं. सुट्या भागांच्या दुकानातून किरकोळ पैशांत आणला आणि लॅबच्या सोल्डरिंग आयर्नने जोडला. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली. त्याने करकर कमी झाली, घूं तसाच राहिला. बरोबरच होतं. तांबं विद्युत क्षेत्राला अडवतं, चोकच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला नाही. त्यासाठी खुर्ची फिरवून गिटारचा कोन बदलणं जास्त कामाचं.

हे सगळं केल्यावर उरलेली तक्रार एकच होती आणि ती खरी होती. तीनही पिकअप एकाच बाजूने गुंडाळलेले होते, त्यामुळे स्विच कुठेही ठेवला तरी भुंगा जात नव्हता. शिवाय हळू वाजवलं की आवाज मिटायचा. तेव्हा कुठे मी पिकअप घेतले : अल्निको पाच, सहा किलोओहमच्या आसपासचे, आणि मधला उलट गुंडाळलेला, उलट चुंबकाचा. आता स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप मिळून हंबकर होतो आणि भुंगा गप्प बसतो. पाहिले होते त्या जोरदार सेटपेक्षा हे स्वस्त पडले. उरलेल्या पैशांत तारांचे तीन सेट आले.

कुणाला विचारून पिकअप घ्यायचे असतील तर माझा सल्ला एवढाच : आधी आपली तक्रार एका वाक्यात लिहा. आवाज पातळ आहे, गुणगुणतो आहे, की हाताला उत्तर देत नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि पहिल्या दोनांचे बरेचसे उपाय स्क्रूड्रायव्हरने होतात. त्यानंतर खरेदी. आणि खरेदी करता येते, चूक झाली तर परत काढता येते, ती त्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कृपेने. अकरा स्क्रू आणि थोडं सोल्डर, एवढंच काय ते मधे आहे.

लिओ फेंडरचं नाव दुसऱ्याकडे गेलं तरी त्याचं डिझाइन प्रत्येक नाव नसलेल्या गिटारमध्ये राहिलं, अगदी माझ्यातही. मला ब्लूज अजून नीट येत नाही. तो मधला गंधार दहापैकी सहा वेळा चुकतो. फक्त आता पिकअपला दोष देता येत नाही.